नॉर्मन मंदिरे आणि एका संताचे अश्रू



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या देवालयाकडे पाहताना आमचे मन एका दूरच्या मंदिरपरंपरेकडे वळले. तिच्याविषयी दोन शब्द निवेदन करण्याचे आम्ही योजिले आहे.

नॉर्मन लोक हे उत्तरेकडील दर्यावर्दी लुटारूंचे वंशज होत. फ्रान्समधील झ्युमिएझचा मठ त्या लुटारूंनी इ. स. 841 मध्ये जाळिला. पुढे त्यांच्यातील रोलो नामक नायकास इ. स. 911 च्या सुमारास तेथील भूमी मिळाली व त्याने बाप्तिस्मा स्वीकारिला. त्याच्याच वंशातील विल्यम राजाच्या समक्ष 1067 मध्ये झ्युमिएझचे नवे मंदिर देवास अर्पण झाले. ज्यांच्या पूर्वजांनी जाळिले, तेच बांधणारे झाले!

जाड भिंती, भरभक्कम खांब व अर्धवर्तुळाकार कमानी ही या शिल्पाची लक्षणे होत. प्रारंभी रुंद दालनावर लाकडी छत असे, आणि त्यास आगीचे भय फार. इंग्लंडात डरहॅम येथे 1093 मध्ये आरंभिलेल्या मंदिरात कारागिरांनी दगडी फासळ्या तिरप्या ओढून त्यांवर छत तोलिले, आणि त्यांच्या जोडीस टोकदार कमानीही योजिल्या. छताचा भार खांबांवर उतरला. 1133 च्या सुमारास ते काम पूर्ण झाले. पुढील गॉथिक शिल्पाची बीजे येथेच दिसतात.

परंतु या वैभवास दुसरीही बाजू आहे. 1066 मध्ये इंग्लंड जिंकिल्यावर नॉर्मनांनी तेथील जुनी मंदिरे पाडून भव्य नवी उभारिली. वुस्टर येथील बिशप संत वुल्फस्टन हे मूळचे इंग्रज. त्यांनीही 1084 मध्ये नव्या मंदिराचे काम हाती घेतले. मात्र जुने मंदिर पाडिले जात असता त्यांस अश्रू आवरेनात, असे इतिहासकार सांगतात. पूर्वजांस भव्य मंदिरे बांधणे ठाऊक नव्हते, पण त्यांनी स्वतःस देवार्पण केले. आम्ही दगड रचितो आणि आत्म्यांची हेळसांड करितो, असा त्यांच्या विलापाचा आशय होता.

त्यांनी काम थांबविले नाही. त्यांच्या मंदिराचे खांबांनी गजबजलेले तळघर आजही तेथे उभे आहे. आम्हीही बांधावे, डागडुजी करावी; परंतु ज्यांनी या भूमीवर आमच्याआधी गुडघे टेकिले, त्यांची भक्ती आमच्यात उरली आहे काय, हे आज प्रत्येकाने आपल्या मनास पुसावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.