अभ्यासाला वेळ कोणी द्यायचा?

(वसई-विरार परिसरातील महिला मंडळे, बचतगट आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला विषय दिला होता, 'नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी अभ्यास कसा करावा आणि ताणाला कसं तोंड द्यावं.' वाचलं आणि वाटलं, यात सगळं विद्यार्थिनीनेच करायचं आहे. बाकीच्यांनी काहीच नाही? म्हणून मी सांगितलं, मुलींबरोबर त्यांच्या आयांना आणि मंडळातल्या बायकांनाही बोलवा. तुम्ही आलात, बरं वाटलं.

एक प्रसंग सांगते. नालासोपाऱ्याच्या एका चाळीतली मुलगी, जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला होता. आई तिला घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "ताई, हिचं डोकं नाही चालत अभ्यासात. काढून घेतो, स्थळ बघतो." मुलगी मान खाली घालून बसलेली. मी तिला एवढंच सांगितलं, आठ दिवस तुझा दिवस कसा जातो ते लिहून आण.

तिने लिहून आणलं. पहाटे चारला पाणी भरणं, मग डबे, मग लोकल. वॉर्डातलं पोस्टिंग, त्यानंतर वर्ग. संध्याकाळी सातला घरी. भाजी, पोळ्या, भांडी. रात्री दहाला पुस्तक उघडलं, सव्वादहाला त्याच्यावरच डोकं टेकलं. आठही दिवस असेच. त्याच घरात भाऊ बारावीला होता, म्हणून टीव्ही बंद होता. ही नर्सिंगला होती, तरी भांडी हिचीच होती. मी तो कागद आईला वाचून दाखवला. आई बराच वेळ बोलली नाही.

मैत्रिणींनो, नर्सिंगचा अभ्यास वेगळा आहे. कॉलेजला दांडी मारून घरी पाठांतर केलं, असं इथे चालत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला थिअरी आणि प्रॅक्टिकलला किमान ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात येण्याआधी वॉर्डातल्या कामाचे तास १०० टक्के भरावे लागतात. घरच्या लग्नासाठी चार दिवस राहिलीस, तर ते भरून द्यावेच लागतात. त्यात भाषेचा प्रश्न. आपल्या जिल्ह्यातल्या मुली घरी वारली बोलतात, कादोडी बोलतात, वाडवळी बोलतात. शाळा मराठीतून. आणि पुस्तकं इंग्रजीत. जव्हार-मोखाड्याहून आलेली मुलगी पहिल्या महिन्यात गप्प झाली, तर ती मठ्ठ नसते. ती मनातल्या मनात भाषांतर करत असते.

आता मुलींनो, तुमच्यासाठी काही कामाच्या गोष्टी.

पहिली. तोच धडा चार वेळा वाचू नका. एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि काय आठवतं ते कागदावर लिहा. मग उघडून काय सुटलं ते बघा. अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी विचारलं, तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तर पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, ते फसवं असतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

दुसरी. आज वाचलेलं परवा, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवून बघा. दर वेळी दहा मिनिटं पुरतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे सहा तास यापुढे फिके पडतात.

तिसरी. आपल्या भाषेत समजून घ्या, इंग्रजीत लिहा. रक्तदाब म्हणजे काय, हे आधी आजीला समजेल असं सांगून बघा. तिला समजलं, तर तुम्हाला समजलं. मग इंग्रजी शब्द वहीत उतरवा, रोज पाच. पुढे पेशंटलाही तुम्हाला असंच समजावून सांगायचं आहे, तेव्हा ही तालीम वाया जात नाही.

चौथी. वॉर्ड हेच तुमचं मोठं पुस्तक. आज मधुमेहाचा पेशंट पाहिला, तर रात्री मधुमेहाचंच पान काढा. चेहरा आठवतो, म्हणून धडा आठवतो. मात्र पेशंटचं नाव वहीत लिहू नका, ते त्याचं खाजगी आहे.

पाचवी. औषधांच्या हिशेबाला घाबरू नका. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम लिहिलं, बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ असं छापलंय. किती द्यायचं? १० मिलिलिटर. चार माणसांच्या आमटीच्या अंदाजाने आठ माणसांची करतो, तसंच हे त्रैराशिक. फरक एवढाच, इथे अंदाज चालत नाही. रोज दोन गणितं सोडवा आणि मैत्रिणीकडून तपासून घ्या.

लोकलमधला वेळही आपलाच आहे. पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली धावली. १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. त्या डब्यात बायकांनी भाज्या निवडल्या, भजनं म्हटली, मैत्री केली. दोघी-तिघींनी मिळून तिथे एकमेकींना प्रश्न विचारले, तर उभ्यानेसुद्धा अभ्यास होतो. पण डोळे मिटत असतील, तर मिटू द्या. नाइट ड्युटीनंतरची झोप म्हणजे आळस नाही. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. हे घरच्यांनीही ऐकून ठेवा. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला दहा वाजता धुणं धुवायला उठवू नका.

आता ताणाबद्दल. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी या मुली पहिला मृत्यू बघतात. काल ज्याला पाणी पाजलं, तो आज खाटेवर नाही. वर सिस्टर ओरडतात, नातेवाईक ओरडतात. घरी येऊन सांगायची सोय नसते, कारण आई म्हणते, "जेवताना तसलं बोलू नकोस." अशा वेळी बोलणं हेच औषध. दोन मैत्रिणी ठरवून घ्या, एकमेकींचं ऐकायचं, शिकवण्या करायच्या नाहीत. झोप उडाली, भूक गेली, जगू नये असं वाटू लागलं, तर लपवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा फोन २०२२ सालापासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि भीती असेल, तिथे अभ्यास होत नाही. के.ई.एम.मधल्या अरुणा शानबागवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, तो तिच्याच हॉस्पिटलात. १८ मे २०१५ रोजी ती गेली. तोवर तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिची सेवा केली. मुलींनी हे नाव विसरू नये. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात हॉस्पिटल आणि शिक्षणसंस्था दोन्ही येतात, शिकाऊ मुलीही येतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. तिथे अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. एकटीने जाऊ नका, आम्हाला बोलवा.

बायांनो, सेवा करणाऱ्या बाईला आपण हात जोडतो. सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या, त्यांना आपण वंदन करतो. मार्च २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या. पण उद्या ज्या परिचारिका होणार, त्यांना घरात दोन तास देताना आपला हात आखडतो. सेवा हा बाईचा स्वभावच, त्यात शिकायचं काय, असं आपल्या मनात कुठेतरी असतं. मैत्रिणींनो, सलाइनचे थेंब स्वभावाने मोजता येत नाहीत. ते शिकावं लागतं, आणि शिकायला वेळ लागतो.

म्हणून मंडळांकडे माझं मागणं साधं आहे. मंडळाची खोली संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासासाठी उघडी ठेवा. दिवा, पंखा, चटई एवढं पुरे. मुलींना घरी सोडायला आळीपाळीने दोघींनी जा. गावात निवृत्त सिस्टर असतील, त्यांना आठवड्यातून एकदा बोलवा. आणि ज्या घरात मुलगी नर्सिंगला आहे, तिथे जाऊन विचारा, पहाटेचं पाणी कोण भरतं?

त्या नालासोपाऱ्याच्या घरात आता भाऊ भरतो. पहिल्या दिवशी कुरकुरला, मग सवय झाली. मुलीचा राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत सुटला. आई परवा भेटली. म्हणाली, "ताई, डोकं होतंच हो तिला. वेळच नव्हता." मी म्हटलं, हे तुमच्या शेजारणीला सांगा.