अर्ज ज्याचा त्यानंच लिहावा



१८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट बोस्टनच्या एमआयटीत दाखल झाले. तिथं शिकायला गेलेले ते पहिले भारतीय. ही वाट आपल्या माणसांनी तेव्हाच पाडली आहे.  

फीचा आकडा ऐकून मात्र अर्जच न करणारी मुलं मी पाहतो. एमआयटीत निवड करताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली की गरजेइतकी मदत देतात, परदेशी मुलांनाही. सगळीकडे असं नाही, म्हणून प्रत्येक विद्यापीठाचा नियम आधी वाचा.

आता मुद्द्यावर येतो. अर्जातले निबंध मुलानं स्वतः लिहावेत. (मागून आवाज : “मग सल्लागारांनी काय करायचं?” हशा.) तारखा सांभाळाव्यात, कागद तपासावेत. लिहू नये!

वाळव्याकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. सल्लागारानं लिहून दिलेल्या निबंधात तो जग बदलायला निघाला होता. मी विचारलं, काल रात्री काय केलंस? म्हणाला, शेतीची लाईट रात्रीची, मोटर चालू केली, पाणी चढेना. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला होता. मग तो का अडकतो, जाळी बारीक केली तर पाणी का कमी येतं, विहिरीची पातळी उतरली की काय होतं, हे त्यानं मला तासभर समजावलं. कागदावर आकृत्या काढल्या. वडिलांशी त्यावरून झालेलं भांडणही सांगितलं. मी म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहिलं. इंग्रजी साधं होतं, पण प्रत्येक वाक्य त्याचं होतं.

(“प्रवेश मिळाला का?”)

नाही मिळाला. थांबा, ऐका! एमआयटीच्या परदेशी अर्जदारांत शंभरात दोघा-तिघांना जागा मिळणंही अवघड असतं. उसन्या निबंधानं ते गणित सुधारत नाही. शिवाय उसन्या निबंधावर प्रवेश मिळाला, तरी पुढं चार वर्षं वर्गात त्या मुलालाच बसायचं असतं.

चिठ्ठी आली आहे, आवरतो. निबंधांबरोबर एमआयटी मुलाच्या शिक्षकांची दोन शिफारसपत्रंही मागते : एक गणित किंवा विज्ञानाच्या, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं. आपण मुलाचं नाव कॉलेजात घालतो आणि दोन वर्षं त्याला क्लासला बसवतो. त्याला ओळखणारा शिक्षक मग आणायचा कुठून? पालकांनो, अकरावीपासून त्याला कॉलेजच्या वर्गात बसू द्या, आणि अर्जाची लेखणी त्याच्याच हाती राहू द्या.