शपथ चालते, सैनिक चालत नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



एका गुन्ह्याला एकच शिक्षा, हे तत्त्व सुसंस्कृत न्यायव्यवस्थेचा पाया मानले जाते. अमेरिकेच्या राज्यघटनेनेही ते मान्य केले आहे. तरीही त्या देशाच्या सैन्यात नोकरी केलेल्या आणि नंतर गुन्ह्याबद्दल तुरुंगवास पूर्ण भोगलेल्या कित्येकांना शिक्षा संपताच हद्दपार करण्यात आले. त्याच गुन्ह्यातला नागरिक सैनिक शिक्षा भोगून घरी जातो. बिगर-नागरिक सैनिकाला घरच उरत नाही.

ही माणसे चोरवाटेने आलेली नव्हेत. त्यांपैकी बहुतेक कायदेशीर कायम रहिवासी होते, आणि अशांना सैन्यात भरती होण्यास तेथील कायद्याची मुभा आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तर सक्तीच्या भरतीतूनही त्यांची सुटका नव्हती. म्हणजे मरण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. राहण्यासाठी मात्र लागते.

हा व्यवहार नवा नाही. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ते कायद्याच्या अर्थाने 'गोरे' ठरत नाहीत म्हणून, त्यांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. १९३५ च्या कायद्याने त्या युद्धातील आशियाई सैनिकांसाठी दार उघडले, तेव्हा कुठे १९३६ मध्ये ते नागरिक झाले. सैनिकाचा गणवेश त्या राज्यसत्तेने स्वीकारला होता. आतल्या माणसाला स्वीकारायला तिला जवळजवळ दोन दशके लागली.

आजच्या प्रश्नाचे मूळ दोन कायद्यांत आहे. १९८८ साली 'घोर अपराध' असा एक वर्ग निर्माण करण्यात आला. त्यात तेव्हा खून, अमली पदार्थांचा आणि शस्त्रांचा अवैध व्यापार असे मोजके गुन्हे होते. १९९६ साली क्लिंटन यांच्या कारकिर्दीत हा वर्ग फुगविण्यात आला. एक वर्षाची शिक्षा झालेली चोरी किंवा मारामारीही त्यात बसू लागली. शिक्षा स्थगित असली तरी ती धरली जाऊ लागली. आणि हे सारे पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांनाही लागू झाले. सर्वांत मोठा घाव असा की, अशा प्रकरणांत न्यायाधीशाचा विवेकाधिकार संपला. समोरच्या माणसाने किती वर्षे सेवा केली, कोणती जखम अंगावर घेतली, हे तराजूत टाकण्याची सोयच उरली नाही.

मग दुहेरी शिक्षेचे तत्त्व कुठे गेले? त्याचे उत्तर १८९३ च्या एका निकालात आहे. चिनी मजुरांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षाच नव्हे. शिक्षा नाही म्हणून सरकारी खर्चाने वकील नाही. १०० हून अधिक वर्षांनी, २०१० साली, पाडिया या व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाला मान्य करावे लागले, की हद्दपारी गुन्ह्याच्या शिक्षेशी घट्ट जोडलेली आहे आणि तिची जाणीव आरोपीला देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. जाणीव देणे बंधनकारक झाले. हद्दपारी मात्र कायम राहिली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक जमाखर्च दिसतो. युद्धाच्या मानसिक आघाताला वैद्यकशास्त्राच्या अधिकृत वर्गीकरणात जागा मिळाली ती १९८० साली. त्या आघातातून व्यसन, व्यसनातून गुन्हा, ही वाट अनेक सैनिकांनी चालली आहे. सैनिकाच्या तारुण्याचा लाभ एका राष्ट्राने घ्यावा आणि त्याच्या मोडलेल्या मनाचा खर्च दुसऱ्या राष्ट्राच्या गरीब कुटुंबावर ढकलावा, असा हा हिशेब आहे. जमा इकडे, खर्च तिकडे! आणि यातला सर्वांत क्रूर भाग असा, की सन्मानाने सेवामुक्त झालेल्या अशा सैनिकाला जिवंतपणी परतता येत नाही. मेल्यावर मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला जागा मिळू शकते.

कुणी विचारील, यांनी वेळीच अर्ज का केला नाही? शपथ घेतली की आपण नागरिक झालो, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत होती. तरुणाला बंदूक चालवायला शिकविणाऱ्या यंत्रणेला अर्ज भरायला शिकविणे अवघड नव्हते. कुणी म्हणेल, गुन्ह्यांची भलामण कशाला? मी ती करीत नाही. गुन्ह्याने ज्याचे नुकसान झाले त्यालाही न्याय हवा; पण तो न्याय तुरुंगवासाने झालेला असतो.

हेक्टर बाराहास हे छत्रीधारी सैनिक होते. गोळीबाराच्या गुन्ह्याची शिक्षा भोगल्यावर २००४ मध्ये त्यांना मेक्सिकोला पाठविण्यात आले. तिहुआना येथे त्यांनी आपल्यासारख्यांसाठी आसरा उभा केला. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी २०१७ मध्ये माफी दिली आणि २०१८ मध्ये ते नागरिक झाले. आनंदच आहे, पण दया आणि हक्क यांत अंतर असते. ज्याची कुणी दखल घेतली नाही त्याचे काय? अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ साली सांगितले, की २०१३ ते २०१८ या वर्षांत सुमारे २५० माजी सैनिकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली आणि ९२ जणांना बाहेर काढण्यात आले. नोंदीच अपुऱ्या असल्याने हा आकडाही पुरा नाही. २०२१ मध्ये बायडेन सरकारने काहींना परत आणण्याची मोहीम काढली. १९९६ चा कायदा मात्र तसाच राहिला.

साथींनो, मागणी दोनच गोष्टींची आहे. भरतीबरोबरच नागरिकत्वाची प्रक्रिया पुरी व्हावी, आणि न्यायाधीशाला माणसाकडे पाहण्याचा अधिकार परत मिळावा. श्रम हवेत पण श्रमिक नको, ही वृत्ती आपण गिरणीत पाहिली, उसाच्या फडात पाहिली. तीच वृत्ती गणवेश चढवून आली, तर ती ओळखण्यात आपण कमी पडता कामा नये.