उतरण्याची जागा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण अर्थकारण ऐकता, तत्त्वज्ञान ऐकता, इतिहास तर दरवर्षीच ऐकता. अशा ठिकाणी "नूतनीकरण झालेल्या हॉटेलात राहणे" हा विषय आम्ही सुचविला तेव्हा चिटणीस क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे प्रवासवर्णन का?" आम्ही म्हटले, प्रवासवर्णन नव्हे. प्रवासवर्णन लिहिणारा नव्या नव्या गावी जातो. आम्ही सत्तावीस वर्षे कामानिमित्त मुंबईला जातो आणि त्याच एका ठिकाणी उतरतो. त्या ठिकाणाचे अलीकडे रूप पालटले. त्यात काय आले आणि काय गेले, आणि जे गेले त्यात आमचा हात कितपत होता, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे हॉटेल म्हणजे जेथे चहा आणि भजी मिळतात ते. जेथे रात्री राहावयाचे त्याला आपण लॉज म्हणतो, किंवा पाटीवर असते तसे "लॉजिंग-बोर्डिंग". परंतु क्रियापद मात्र आपले अस्सल आहे: "उतरणे". "कोठे उतरलात?" असे आपण विचारतो. घोड्यावरून, छकड्यातून, आगगाडीतून माणूस उतरतो आणि जेथे पाठ टेकतो तीही त्याची उतरण्याचीच जागा. भाड्याचा हिशेब या शब्दात नाही, ओझे खाली ठेवण्याचा भाव मात्र आहे.

पुणेकराने मुंबईत उतरावयाचे ते नातेवाइकांकडे, असा दंडकच होता. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत सात माणसे, त्यात आठवा पाहुणा. त्याचे अंथरूण गॅलरीत. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली आणि सकाळी जाऊन रात्री घरी जेवावयास येण्याची सोय झाली, तेव्हा गिरगावातल्या कित्येक मावश्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल! तरी दोन दिवसांचे काम असले म्हणजे उतरणे आलेच. स्वतः लोकमान्य मुंबईत असले म्हणजे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. मुंबईतल्या एका भाड्याच्या खोलीत नेहमी उतरणाऱ्या पाहुण्याचे याहून मोठे उदाहरण पुणेकरांपुढे ठेवता येणार नाही.

इमारती वयात येतात, थकतात, आणि मग त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न पडतो. मुंबईत या प्रश्नाची दोन उत्तरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभी आहेत. काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून जहाजाने आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखविली गेली ती याच हॉटेलात. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांत कचेऱ्या आल्या आणि इमारत मोडकळीस आली. दुसरे उत्तर ताजमहाल हॉटेलचे. ते १९०३ च्या डिसेंबरात उघडले. त्याचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले एक नाव आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. आज जेथे पोहण्याचा तलाव आहे त्या बाजूला पूर्वी त्याचा दरवाजा होता. नंतर पुढची बाजू मागची झाली आणि समुद्राकडची पुढची. दरवाजा फिरला म्हणून हॉटेल फिरले असे मात्र कोणी म्हटले नाही. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यात जुन्या इमारतीचा मोठा भाग जळाला, तेव्हा नवा मनोरा महिन्याच्या आत उघडला, आणि जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी खुली झाली. आम्ही तेथे उतरण्याइतके धनिक नाही. एकदा चहा मात्र घेतला आहे आणि तो चांगला होता.

आता आमच्या हॉटेलकडे वळू. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही, कारण पुढे जे बोलावयाचे आहे त्यात मालकाचा दोष किती आणि आमचा किती हे आम्हालाच नीट उमगलेले नाही. बोरीबंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, चार मजली, दगडी जोत्यावरची ही इमारत. आत शिरताच लाकडी मेज, त्यामागे खुंट्यांचा फळा, आणि प्रत्येक खुंटीला किल्ली. किल्लीला पितळेचा जो लोळा अडकविलेला असे त्याचे वजन असे होते की तो खिशात घालून कोणी विसरून पुण्याला येणे शक्यच नव्हते. मेजावर मोठी वही: नाव, कोठून आलात, कोठे जाणार, कामाचे स्वरूप. "कामाचे स्वरूप" या रकान्यात आम्ही सत्तावीस वर्षे "खासगी" असे लिहीत आलो. पोलिसांनी ती वही कधी पाहिली असेल तर आमच्याविषयी त्यांचे काय मत झाले असेल कोण जाणे.

लिफ्टला जाळीचे दार होते. ते नीट लागले नाही तर लिफ्ट हलत नसे, आणि नीट लागले तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती क्षणभर विचार करीत असे. खोलीत लोखंडी खाट, भिंतीत कपाट, रस्त्याच्या बाजूला उंच खिडकी. विजेच्या तारा भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून जात. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, तेही नळाला नव्हे. ते बादलीतून येई, आणि ती बादली आणणारे ते मामा.

मामांचे नाव आम्हाला ठाऊक होते, पण ते कोणीच घेत नसे. मालवणाकडचे, ठेंगणे, पायांत आवाज न करणारी चप्पल. पहाटे दारावर दोन टिचक्या आणि "साहेबानू, पाणी इला" एवढे शब्द. तिसऱ्या मजल्यावरील सगळ्या खोल्या त्यांच्याकडे होत्या. आम्हाला उशी उंच लागते, चहात साखर कमी लागते, नऊ क्रमांकाच्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणून आम्हाला अकरा क्रमांकाची द्यावयाची, हे कोठे लिहिलेले नव्हते. आमची तार किंवा पुढील काळात फोन आला की अकरा क्रमांकाच्या खोलीत दोन उशा जात.

एका पावसाळ्यातली रात्र सांगतो. दोन-अडीचचा सुमार असेल. त्या लाकडी पट्टीत कोठेतरी ठिणगी पडली आणि जिन्यात धूर झाला. जिना एकच, तोही लाकडी. मामांनी प्रत्येक दार वाजवून सगळ्यांना खाली आणले. रस्त्यावर पावसात आम्ही सारे भिजत उभे, आणि मामा एकेकाकडे बोट करून मोजताहेत. वही नाही, कागद नाही. "सोळाचे म्हातारे खंय?" असे म्हणून ते पुन्हा आत धावले आणि कमी ऐकू येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना हाताला धरून खाली घेऊन आले. आग फार पसरली नाही. सकाळी सहाला मात्र गरम पाणी आले नाही.

आणि आता आमची गोष्ट. मेजावर दुसरीही एक वही असे, तक्रारींची. पुणेकराला तक्रारवही दाखविणे म्हणजे काय हे या सभागृहात समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही त्या वहीत मनापासून लिहीत असू. विजेच्या तारांविषयी लिहिले आणि ते योग्यच होते. जिन्याविषयी, लिफ्टविषयी, गाद्यांतील ढेकणांविषयी लिहिले. आणि एके वर्षी, सकाळी आठला कामावर जावयाचे असता पाणी साडेसातला आले म्हणून, रागाच्या भरात लिहिले: "तिसऱ्या मजल्यावरील नोकर वयस्क झाला असून त्याच्याकडून वेळेवर काम होत नाही. व्यवस्थापनाने विचार करावा." खाली सही, तारीख. मामांनीच ती वही मेजावरून आमच्यापुढे सरकविली होती. ते फारसे वाचू शकत नसत, हे आम्हाला नंतर कळले.

हॉटेल चौदा महिने बंद होते. उघडल्याचे पत्र आले तसे आम्ही गेलो. खोटे कशाला बोला, आम्हाला बरेच काही आवडले. लाकडी जिना गेला. दोन दगडी जिने झाले. छतात धूर ओळखणारी यंत्रे आणि पाण्याच्या तोट्या बसविल्या आहेत. तारा भिंतीच्या आत गेल्या. नळ फिरविला की कोणत्याही वेळी गरम पाणी येते, आणि त्या पहिल्या रात्री आम्ही केवळ चैन म्हणून दोनदा स्नान केले. ढेकूण नाहीत. झोप उत्तम लागली.

काही गोष्टी समजल्या नाहीत. किल्लीच्या जागी पत्त्याएवढे कार्ड आले आहे. ते दारालगतच्या खाचेत घातल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि ती खाच काळोखातच शोधावी लागते. उंच खिडकीच्या जागी अखंड काच आहे. ती उघडत नाही, कारण आत थंड हवेचे यंत्र चालते. खाली रस्ता वाहतो तो मूकपटासारखा दिसतो. आणि न्हाणीघराची एक भिंत काचेची का केली असावी, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. एका खोलीत दोन मित्र उतरले तर त्यांनी परस्परांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? पलंगावर पंच्याची घडी घालून त्याचा हंस केला होता. हंस मोडून अंग पुसावयास जिवावर आले. भाडे तिप्पट झाले आहे. त्यावर आम्ही अधिक बोलत नाही.

मेजापाशी सुरेख पोशाखातील एक मुलगी होती. आमच्या ओळखपत्राकडे पाहून तिने यंत्रावर बोटे फिरविली आणि हसून विचारले, "सर, आमच्याकडे पहिल्यांदाच येताय का?" आम्ही म्हटले, "नाही." ती म्हणाली, "सिस्टिममध्ये दिसत नाही." जुन्या वह्या यंत्रात चढविल्या नव्हत्या. मुलीचा त्यात काहीच दोष नव्हता. ती आमच्याशी अत्यंत सौजन्याने वागली, आणि नवव्या नव्हे तर थेट चौथ्या मजल्यावरच्या खोलीत आमची सोय करून दिली. उशी एकच होती. सांगितल्यावर दुसरी पाच मिनिटांत आली. सांगावे लागले एवढेच.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या चिरंजीवांची गाठ पडली. कारभार आता तेच पाहतात. हुशार, मनमिळाऊ तरुण. आम्हाला लहानपणापासून ओळखतात आणि काका म्हणतात. त्यांनी आम्हाला कचेरीत बसविले, कॉफी मागविली आणि म्हणाले, "काका, हे सगळं तुमच्यासारख्या जुन्या लोकांमुळेच झालं." आम्ही समजलो, बोलण्याची रीत असेल. पण त्यांनी खरोखरच एक फाइल काढली. तक्रारवहीतील वीस वर्षांच्या नोंदी उतरवून, प्रत्येकीसमोर केलेला उपाय लिहिला होता. तारा: बदलल्या. जिना: बदलला. लिफ्ट: बदलली. गाद्या: बदलल्या. आणि त्याच रांगेत, त्याच अक्षरात, "तिसरा मजला, नोकर वयस्क". समोर लिहिले होते: "बदलले. काम कंत्राटाने."

आम्ही मामांविषयी विचारले. हिशेब चुकता करून दिला, कायद्याने बसत होते त्याहून थोडे जास्तच दिले, असे चिरंजीव म्हणाले. आणि ते खरे असेल, कारण ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हेत. बंद असलेल्या हॉटेलात माणसे चौदा महिने कामावाचून कशी ठेवणार, हाही त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही म्हटले, "पत्ता आहे का?" पत्ता जुन्या हजेरीपत्रकात होता. हजेरीपत्रक वह्यांबरोबर रद्दीत गेले होते. आपण लिहिलेली तक्रार तेवढी जपून ठेवलेली, आणि ज्याच्याविषयी लिहिली त्याचा पत्ता रद्दीत, हे पाहून आम्हाला कॉफी संपविता आली नाही.

त्या रात्रीच्या आगीची नोंद फाइलीत होती का, असे आम्ही विचारले. नव्हती. तक्रारवहीत तक्रारीच असावयाच्या. त्या रात्री रस्त्यावर मोजलेल्या आम्हा सव्वीस माणसांपैकी एकानेही दुसऱ्या दिवशी त्या वहीत "मामांनी आम्हाला बाहेर काढले" असे एक वाक्य लिहिले नव्हते. आम्हीही नाही. आमची तक्रार त्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेली आहे.

हॉटेल सोडताना त्या मुलीने सांगितले की आपल्या फोनवर अभिप्रायाची विचारणा येईल, पाचपैकी तारे द्यावयाचे. विचारणा आली. स्वच्छता, शांतता, न्याहारी, नेट, तत्परता. सगळ्यांना पाच तारे देण्यासारखेच होते. शेवटी "आणखी काही सांगावयाचे आहे काय?" अशी एक मोकळी चौकट होती. तीत आम्ही मामांचे पूर्ण नाव लिहिले आणि त्यांचा पत्ता मिळविण्याची विनंती केली. लगेच उत्तर आले, की आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, पुन्हा अवश्य या.

आम्ही पुन्हा गेलो. आजही तेथेच उतरतो. दुसरीकडे जाण्यात काय अर्थ आहे? गेल्या खेपेस खालच्या पानाच्या गादीवर चौकशी केली तेव्हा पानवाल्याने गावाचे नाव सांगितले, मालवण तालुक्यातील. घराण्याचे नाव आम्हाला ठाऊक आहेच. पोस्टमनला तेवढे पुरते असे म्हणतात. आम्ही पत्र टाकले आहे. त्यात ते वाक्य आम्ही लिहिले होते हेही कळविले आहे, कारण त्यांना ते कोणी वाचून दाखविलेच असेल तर सही कोणाची हे कळले असेल, आणि नसेल तर आम्ही तरी सांगावे. पत्र जाऊन तीन आठवडे झाले. परवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावी घरे भरतात, वाचून दाखविणारे कोणीतरी असेल.