गड्याचे मन कामात का नाही?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



मजूर आळशी झाला, पैसे मोजून घेतो पण अंग राखून काम करतो, ही ओरड आज गावोगाव ऐकू येते. कारखानदार ती करतो, ठेकेदार करतो आणि, राग मानू नका, आपल्यातला चार एकर बागायतीचा धनीही करतो. ही ओरड नवी नाही. मुंबईत कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली तेव्हापासून मालकमंडळी हेच बोलत आली की, हा कुणब्याचा पोर यंत्राच्या कामाचा नाही, तो चार दिवस राबतो आणि मुलुखाला पळतो. तो का पळतो, हे विचारण्याची तसदी थोड्यांनी घेतली. ज्यांनी घेतली त्यांत नारायण मेघाजी लोखंडे हे पहिले होत.

लोखंडे हे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातले. त्यांनी गिरणीत नोकरी केली होती, म्हणून आतली गोष्ट त्यांना ठाऊक होती. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ चालवीत. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनकडे धाडला. त्यात पाच मागण्या होत्या. आठवड्यात रविवारची सुटी द्यावी. दुपारी अर्धा तास विसावा द्यावा. सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला थांबवावे. मागील महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत चुकती करावी. कामावर जखम झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जो कायमचा निकामी होईल त्याच्या पोटाची सोय करावी.

या पाचांत ‘मजुरी वाढवा’ ही मागणी नाही, हे ध्यानात घ्या. मजुरी पुरेशी होती असे मुळीच नाही. पण जी ठरली आहे ती तरी वेळेवर हातात पडावी, येथपासून सुरुवात करावी लागली, इतकी दैना होती.

मजुरी उशिरा मिळाली म्हणजे काय होते, हे शहाण्या लोकांना चटकन उमगत नाही. आपल्याला उमगेल. नवा माणूस गिरणीत लागला की त्याला पहिला पैसा दिसायला दीड महिना लोटत असे. तोवर खायचे काय? खाणावळवालीची उधारी, वाण्याची उधारी, खोलीचे भाडे तुंबलेले. ज्या जॉबरने कामावर लावले त्याची दस्तुरी निराळी. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची चाल कित्येक गिरण्यांत होती. विणताना कापड बिघडले तर ते विणकऱ्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत. शेवटी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी सावकार उभाच. हातात आलेला पैसा हातातच राहिला असे व्हायचे नाही.

आता सांगा, खळ्यावर रास पडली आहे आणि सावकाराचा माणूस माप घेऊन आधीच येऊन बसला आहे, अशा वेळी तुमच्या हातातले सूप कसे हलते? तुमच्या आजोबांना विचारा. रात्रंदिवस राखण करून वाढवलेले ते पीक, पण ते दुसऱ्याचे झाले की मळणीत जीव राहत नाही. त्याला कोणी आळस म्हटले तर तुम्ही भांडायला उठाल. मग गिरणीतल्या भावाला तोच शब्द का लावता? चार वार कापड अधिक विणले तर ते व्याजात जाणार, हे त्याला पक्के कळत होते.

पगार वेळेवर द्यावा, ही एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला १९३६ साल उजाडले. १८८४ पासून मोजा, ५२ वर्षे! रविवारची सुटी त्या मानाने लवकर मिळाली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायाही त्या सभेत बोलल्या, तेही त्या काळात! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली. आज ज्याच्या घरी पोराला रविवारी शाळा नसते, तो ती सुटी सरकारने आपणहून दिली असे समजतो. असो.

विसाव्याबद्दल आम्ही तुम्हांला काय शिकवावे? वैशाखात दुपारी औत सोडल्याशिवाय तुम्ही राहत नाही. बैल सावलीला बांधता, पाणी दाखवता. तो मुका आहे, पण मेला तर नुकसान तुमचे. गिरणीमालकाला ही भीती नव्हती. एक गडी पडला तर दाराशी बदलीसाठी दहा उभे असत. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची तेवढी आडकाठी होती तीही गेली. चौदा-पंधरा तास यंत्रे चालू लागली. मग सरकारने पुन्हा चौकशी बसविली. १९०८ मध्ये कमिशनने अहवाल दिला. त्यात असे दिसले की कामगार दिवसातून पुष्कळ वेळ यंत्रापासून दूर असतो, आवारात बसतो, तंबाखू ओढतो. मालकांनी त्याला आळस म्हटले. पण ज्याला सलग विसावा मिळत नाही तो चोरून घेणारच. शरीर आपला वाटा काढून घेते, मग घड्याळ काही म्हणो.

त्या कमिशनमध्ये मद्रासचे डॉ. टी. एम. नायर होते. पेशाने वैद्य. पुढे १९१६ मध्ये मद्रासेत ब्राह्मणेतरांची जी संघटना निघाली, जिला लोक जस्टिस पक्ष म्हणू लागले, तिच्या संस्थापकांत हेच नायर. कमिशनच्या बहुमताचे म्हणणे असे की, मुलांच्या तासांना मर्यादा घालावी, पण मोठ्या पुरुषाच्या तासांना कायद्याने थेट बंधन नको. नायरांनी एकट्याने भिन्न मत लिहिले की, पुरुषाचे तासही कायद्यानेच बांधले पाहिजेत, बाराच्या वर नकोत. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांपुरते ते बारा तास लागू झाले. पुढे १९२२ मध्ये आठवड्याचे ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४८ च्या कायद्यात ४८ तास ठरले.

तास कमी झाले तरी हवा तीच राहिली. सूत तुटू नये म्हणून विणाई खात्यात वाफ सोडून हवा दमट ठेवीत आणि खिडक्या बंद. कापसाची धूळ छातीत बसून जो रोग होतो त्याची एक खूण चमत्कारिक आहे. सुटीनंतर कामावर आले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. रविवारी सुटी आणि सोमवारी दम! बाहेरचा म्हणणार, काल प्यायला असेल.

येथे एक गोष्ट आपल्याच घरची आहे, ती झाकणार नाही. विणाई खात्यात मजुरी जास्त. पण धोट्यातल्या भोकातून सूत ओढायला तोंड लावावे लागे, म्हणून आमच्या स्पृश्य म्हणवणाऱ्या विणकऱ्यांनी अस्पृश्य भावांना त्या खात्यात पाऊल ठेवू दिले नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला तेव्हा पुढाऱ्यांची तोंडे वाकडी झाली. मालक पोट मारतो म्हणून रडायचे आणि शेजाऱ्याचे पोट आपण मारायचे! जो माणूस वर चढूच शकत नाही असे ठरवून ठेवले, त्याने कामात जीव ओतावा तरी कशासाठी?

गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागची धुराडी थंडावत गेली. पण ‘खाडा’ हा शब्द काही गेला नाही. बीडकडून ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्याला विचारा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग हंगामभर ती फेडायची. एक दिवस पडून राहिले की खाडा, म्हणजे दंड. बाईला पाळी असो, ताप असो, पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर असते. कामात अडथळा नको म्हणून कित्येक बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्याचे उघड झाले आणि २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. मजुरीची रीत माणसाच्या शरीरात कोठवर हात घालते, याहून अधिक पुरावा आम्ही कोठून आणावा?

आता ताजी गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या बदलास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, जादा तासांना दुप्पट दर आणि कामगाराची लेखी संमती हवी, असे त्याबरोबर सांगण्यात आले. दुप्पट दर वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मिळतो तेथे जरूर घ्या. पण संमती या शब्दाकडे पाहा. ज्याचा करार अकरा महिन्यांचा, ज्याला ठेकेदार उद्या ‘येऊ नको’ म्हणू शकतो, त्याने कागदावर ‘नाही’ लिहायचे तरी कोणाच्या बळावर? नायरांना हीच शंका होती. तुमची पोरे चाकणला, रांजणगावला, बुटीबोरीला आहेत. सणाला घरी आली की पगार किती एवढेच विचारू नका. पगार कोणत्या तारखेला होतो, जेवायला किती वेळ मिळतो आणि कोणकोणत्या कागदांवर सह्या घेतल्या, हे विचारा. उत्तर देताना पोर खाली पाहू लागला तर समजा.

आणि आपले काय? सुताराच्या हाताखाली शिकणारे पोर, खुरपायला येणाऱ्या बाया, गोठ्यातला सालगडी, यांचे मालक आपणच आहोत. बायांना पुरुषापेक्षा कमी रोज का, याला ‘रीत आहे’ यापलीकडे आजवर कोणी आम्हांला उत्तर दिलेले नाही. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. ज्यांच्या घरी गडी आहे त्यांनी या पाडव्याला वही काढावी, गड्याच्या कारभारणीलाही शेजारी बसवावे आणि उचल किती, दिले किती, खाडे किती, हे मोठ्याने वाचावे. वही चुकली असेल तर ती बाई सांगेल. तिच्या सगळे ध्यानात असते.