निश्चित, अनिश्चित आणि निर्णय



हितोपदेशातील तीन मत्स्यांची कथा सर्वश्रुत आहे. कोळी उद्या येणार असे कानी पडताच अनागतविधाता तळे सोडून गेला. प्रसंग आल्यावर पाहू म्हणणारा प्रत्युत्पन्नमति जाळ्यात मेल्याचे सोंग घेऊन सुटला. यद्भविष्य मात्र मेला. परंतु कोळी आलेच नसते तर? मग तोच अनागतविधाता भित्रा ठरला असता. सावधगिरीचे दुर्दैव हे की, तिचा खर्च दिसतो, टळलेले संकट दिसत नाही.

तापीकाठच्या सुरतेला या प्रश्नाचे मर्म २००६ साली कळले. शहराच्या वरच्या अंगास सुमारे शंभर किलोमीटरांवर १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाईचे धरण आहे. शेतीला पाणी, वीज आणि पुरापासून रक्षण ही तिन्ही कामे त्याच्याकडे आहेत. पहिल्या दोहोंसाठी जलाशय भरलेला हवा, तिसऱ्यासाठी काही अंशी रिकामा हवा. पाणी आधी सोडले आणि पुढे पाऊस आला नाही, तर शेतीचा तोटा ठरलेला. राखून ठेवले आणि खानदेशातून लोंढा आला, तर अनर्थ मोठा, पण तो येईलच असे नाही. त्या ऑगस्टमध्ये लोंढा आला. धरणातून सेकंदाला नऊ लाख घनफुटांच्या आसपास पाणी सोडावे लागले, आणि शहराचा बहुतेक भाग जलमय झाला.

दोष कोणाचा, हा आजचा विषय नव्हे. विचार करावयाचा तो मनुष्यस्वभावाचा. लहान पण निश्चित हानी मनुष्याला सोसवत नाही. ती टाळण्यासाठी तो मोठ्या पण अनिश्चित हानीला दार उघडे ठेवतो, आणि ‘अनिश्चित’ म्हणजे ‘न होणारे’ असे मानून निजतो. यद्भविष्याची चूक हीच होय. उलटपक्षी, पूर्ण खात्री पटल्यावाचून पाऊल न उचलणाराही फसतो. कारण खात्री पटते तेव्हा पाणी उंबऱ्याशी आलेले असते.

म्हणून विवेकी पुरुषाने दोन प्रश्न विचारावेत: संकट कितपत संभवनीय आहे, आणि आलेच तर झालेली हानी भरून निघेल काय? एका हंगामाचा तोटा जड असला तरी कालांतराने भरून निघतो. गेलेला जीव परत येत नाही. जे भरून निघण्याजोगे नाही, त्याचे रक्षण आधी करावे.

फळ हाती नाही म्हणून विचारच सोडावा, हे निष्काम कर्माचे तात्पर्य नव्हे. विचार पूर्ण करावा, हितकर ते वेळीच करावे, आणि कोळी न आल्यास लोकांचे हसणे शांतपणे सोसावे.