शरीरातील दवंडी
(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



इंदुरात राहून आपण विज्ञान मराठीतून शिकलो. त्यामुळे ‘हॉर्मोन’च्या आधी मला ‘संप्रेरक’ ठाऊक झाले. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात या शब्दावरून माझी थट्टा झाली खरी. पण १९०५ साली स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द योजला तोही ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरूनच. आपला शब्द काही उणा नाही.

पचनाचे निरोप मज्जातंतूंवाटेच जातात, असे त्या काळी मानले जाई. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतू तोडले आणि तेथे आम्ल सोडले. तार तुटलेली, तरीही स्वादुपिंडातून पाचकरस झरू लागला! मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात घोटले आणि त्याचा अर्क शिरेत टोचला. रस पुन्हा झरला. निरोप रक्तातून गेला होता.

मज्जातंतूचा निरोप तारेसारखा, नेमक्या पत्त्यावर जाणारा. संप्रेरकाची मात्र दवंडी असते. ती साऱ्या गावात फिरते, पण उठून चावडीवर जातो तो जिच्याशी संबंध असेल तोच. ज्या पेशीवर त्या संप्रेरकाचा ग्राही असतो, तीच त्याचे ऐकते. जेवणानंतर स्वादुपिंड इन्सुलिनची दवंडी पिटते आणि स्नायू व मेद यांच्या पेशी रक्तातील साखर आत घेतात.

ही दवंडी थांबली तर काय होते, ते मी याच शाळेत पाहिले. पाहूनही मला कळले नाही. सातवीत मी मॉनिटर होतो. एक वर्गमित्र दर तासाला पाणी प्यायला आणि लघवीला जाण्याची परवानगी मागे. मी इमानेइतबारे त्याचे नाव फळ्यावर लिहीत असे. त्याच्या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेनेच इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट केल्या होत्या. रक्तात साचलेली साखर लघवीवाटे जाताना पाणीही ओढून नेत होती. पेशी मात्र भरल्या कोठाराच्या दारात उपाशी. शरीर चरबी जाळू लागले, रक्त आम्लधर्मी झाले आणि एका सकाळी तो बेशुद्ध पडला.

तो वाचला, कारण टोरोंटोत १९२२च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले होते. पहिला अर्क अशुद्ध निघाला. कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी दिलेली मात्रा लागू पडली. त्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून दिवस ढकलण्यापलीकडे उपाय नव्हता.

दिवाळीनंतर मित्र परतला. त्याच्या घरी फ्रिज नव्हता. औषधाची कुपी पिशवीत बांधून माठाच्या गारव्याला ठेवीत. काचेची सिरिंज रोज उकळावी लागे. ते काम त्याची आई करी, पुढे तोच करू लागला.

पालकहो, मूल एकाएकी फार पाणी पिऊ लागले, रात्री अंथरूण ओले करू लागले, खाऊनही वाळू लागले, तर त्याला रागावण्याआधी रक्तातील साखर तपासा. उलट्या होत असतील, श्वास खोल आणि जलद चालत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. तपासणीला रक्ताचा एक थेंब पुरतो. ती त्याच दिवशी करावी, सोमवारची वाट पाहू नये. आमच्या वर्गाने तीन आठवडे पाहिली होती.